गुरुवार संध्याकाळपासून फायरवॉलवर एकाच पोर्टला धडाधड ट्रॅफिक येतंय, नक्की काय तपासू?

सातवा_मजला (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली. जरा लांबण आहे, सांभाळून घ्या.

मी नेटवर्कवाला नाही, हिशेबनीस माणूस. दिवाळीत तपकीर गल्लीतून दोन लॅन पोर्टवाला जुना मिनी पीसी आणला, त्यावर ओपीएनसेन्स (फायरवॉलचं, म्हणजे नेटच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि प्रोव्हायडरच्या डब्याला जोडलं. तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर पेपरऐवजी फायरवॉलचा लॉग वाचायचं व्यसन लागलंय. बायको म्हणते, भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, ह्यांची भिंत रोजनिशी लिहिते.

रोजचा रतीब मला पाठ आहे. दिवसाला चार-साडेचार हजार ब्लॉक, त्यात २३, २२, ४४५, ३३८९ हे नेहमीचे पोर्ट (म्हणजे नेटवरच्या दारांचे नंबर). काल, गुरुवारी, संध्याकाळी बघतो तर एका तासात अकरा हजारांच्या वर नोंदी! जवळजवळ सगळ्या यूडीपी (आधी जोडणी न करता थेट टाकलेली पॅकेटं), सगळ्या पोर्ट ५१४१३ वर. थोड्या टीसीपीही (आधी जोडणी मागणारी), पण पोर्ट तोच. पाठवणारे पत्ते मात्र सतत वेगळे. रशिया, ब्राझील, कोरिया, आणि दोन-तीन चक्क पुण्यातले.

वायफायचा पासवर्ड बदलला. टीव्ही, दोन्ही लॅपटॉप, चिरंजीवांचा गेमचा डबा, सगळं बंद करून पाहिलं. ट्रॅफिक ढिम्म. प्रोव्हायडरला फोन केला तर "सर, राउटर रीस्टार्ट करून बघा". तो केला नाही, कारण पुरावा जाईल असं वाटलं. बरोबर केलं ना?

आम्ही वारज्यात राहतो. घरात वरच्या वस्तूंशिवाय चार फोन आणि दाराबाहेरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डर) आहे.

खडकवासला_फुल्ल · शुक्रवार, रात्री १०:५८

सरळ हॅक झालंय. सगळं फॉरमॅट मारा आणि १९३० ला फोन लावा. अकरा हजार म्हणजे गंमत आहे का! तुमचा प्रोव्हायडर कोणता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी धायरीत आहे, बहुतेक एकच असणार.

जुना_मोडेम · शुक्रवार, रात्री ११:२०

थांबा थांबा, खडकवासल्याचे दरवाजे लगेच उघडू नका. १९३० ही ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर लावायची हेल्पलाइन. इथे कोणाचे पैसे गेलेत? आणि ब्लॉक झालेली नोंद म्हणजे फायरवॉलने काम केल्याची पावती. चोर घरात शिरल्याची नव्हे.

सातवा मजला, तुम्ही हिशेबनीस आहात हे उत्तम झालं, कारण हे काम ताळेबंद जुळवण्याचंच आहे. मला आधी हे सांगा: वॅनवर (प्रोव्हायडरकडच्या बाहेरच्या जोडणीवर) पत्ता काय दिसतो? इथे आकडे टाकू नका. फक्त तो १००.६४ ते १००.१२७ ह्या पट्ट्यात आहे का, किंवा १० ने सुरू होतो का, एवढंच. दुसरं, टीसीपीच्या नोंदींत फ्लॅग (पॅकेटवरचा शिक्का) कुठला आहे, नुसता सिन ("जोडणी करू का?") की आणखी काही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुरुवारी काय बदललं? नवीन वस्तू, अपडेट, काहीही. ट्रॅफिक आपणहून वार बघून येत नाही.

रीस्टार्ट केलं नाहीत ते छान.

सातवा_मजला · शनिवार, सकाळी ७:०५

पत्ता त्या पट्ट्यात नाही, १० नेही सुरू होत नाही. टीसीपीत नुसता सिन. गुरुवारी घरात काहीच बदललं नाही. नेहमीप्रमाणे वीज गेली होती, अकरा ते चार. पण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यावर मिनी पीसी, डीव्हीआर सगळं चालू होतं. नेट तेवढं नव्हतं, कारण खाली पार्किंगमधल्या प्रोव्हायडरच्या डब्याला बॅकअप नाही.

नेटकी · शनिवार, सकाळी ८:३१

"काहीच बदललं नाही" असं म्हणून तुम्हीच उत्तर लिहून टाकलंत की! वीज आली, पीपीपीओई (प्रोव्हायडरकडचं लॉगिन) पुन्हा जोडलं गेलं. तुमचा पत्ता स्थिर नसेल तर बहुधा नवीन मिळाला असणार. सिस्टिमच्या लॉगमध्ये चारच्या सुमारास बघा. जुना आणि नवा पत्ता वेगळे आहेत का, आणि ५१४१३ ची पहिली नोंद त्याआधीची की नंतरची.

५१४१३ हा आकडा बघून मला एक संशय आहे. ट्रान्समिशन नावाचं टोरेंटचं (लोकांनी आपसांत फाइली वाटायचं) सॉफ्टवेअर आहे, त्याचा ठरलेला पोर्ट हाच. पण पोर्टचा नंबर म्हणजे पुरावा नव्हे, कोणीही कुठलाही पोर्ट वापरू शकतो. पॅकेट उघडून बघावं लागेल.

इंटरफेसेस, मग डायग्नोस्टिक्स, मग पॅकेट कॅप्चर. इंटरफेस वॅन निवडा, पोर्ट ५१४१३, शंभर पॅकेट पुरेत. फायरवॉल ब्लॉक करतंय तर काय दिसणार, असं वाटेल. पण कॅप्चर नियमांच्या आधी होतं, त्यामुळे नाकारलेलं पॅकेटही सापडतं. मजकूर दिसेल असा सगळ्यात सविस्तर पर्याय घ्या आणि पहिली काही अक्षरं वाचा.

बाणेर_टेकडी · शनिवार, सकाळी ९:१०

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

माझ्याकडे हेच ओपीएनसेन्स आहे, पण बाहेरून एकही ठोका नाही. आठ महिन्यांत शून्य! माझा प्रोव्हायडर जास्त चांगला म्हणायचा का?

जुना_मोडेम · शनिवार, सकाळी ९:४४

@बाणेर_टेकडी, तुमचा वॅनचा पत्ता १००.६४ च्या पट्ट्यातला निघेल, पैज लावतो. त्याला कॅरियरचं नॅट म्हणतात. एका जाहीर पत्त्यामागे प्रोव्हायडर अनेक घरं कोंबतो. तुम्हाला ठोके येत नाहीत कारण तुम्हाला रस्त्यावर उघडणारं दारच नाही, वॉचमन सोसायटीच्या गेटवर आहे. एपीएनिककडचा (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणारी संस्था) साठा २०११ सालीच शेवटच्या ब्लॉकवर आला, तेव्हापासून आपल्या भागात जुने आयपी पत्ते रेशनवर आहेत. २०१२ मध्ये हा १००.६४ चा पट्टा खास ह्याच कामासाठी राखून ठेवला.

पण निर्धास्त राहू नका. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवीन पद्धत) चालू असेल तर तिथे हे गेट नाही. प्रत्येक फोनला, टीव्हीला थेट जाहीर पत्ता मिळतो आणि मधे फक्त तुमचं फायरवॉल उभं असतं. तिकडचे नियम एकदा बघून घ्या. "सगळं आयसीएमपी (नेटवर्कचे आपसांतले सूचना-निरोप) बंद" मात्र करू नका, आयपीव्ही६ मध्ये त्यावाचून अडतं. काही साइट अर्धवट उघडून लटकतील आणि कारण सापडणार नाही.

बाणेर_टेकडी · शनिवार, सकाळी १०:०२

पैज जिंकलात. १००.७० आहे. :(

सातवा_मजला · शनिवार, दुपारी १:१५

नेटकीताई, साष्टांग नमस्कार.

जोडणी ११:०४ ला तुटली, ४:०८ ला आली, पत्ता वेगळा. ५१४१३ ची पहिली नोंद ४:०८ चीच. त्याआधीच्या चार महिन्यांच्या लॉगमध्ये हा पोर्ट एकूण सहा वेळा, तोही इतर शंभर पोर्टांच्या रांगेत.

कॅप्चरही केलं. बहुतेक पॅकेटं "डी१:एडी२:आयडी२०:" अशा अक्षरांनी सुरू होतात (रोमनमध्ये, मी इथे देवनागरीत लिहितोय). मग थोडा गिचमिड मजकूर, आणि शेवटाकडे कुठे "गेट_पीअर्स", कुठे "फाइंड_नोड", कुठे "पिंग".

ह्याचा अर्थ काय? आणि मुलाला आत्ताच झापू की थांबू?

नेटकी · शनिवार, दुपारी २:२०

थांबा! मुलाची काही चूक नाही, बहुतेक.

हे बिटटोरेंटच्या डीएचटीचं बोलणं आहे. टोरेंटवाल्यांची एक सामायिक वही असते, कुठल्याही एका सर्व्हरवर नाही, सगळ्यांच्या मशिनवर तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेली. प्रत्येक मशिनला २० बाइटची ओळख असते. तुम्ही वाचलेलं "आयडी२०" तेच: आता पुढे वीस बाइटची ओळख येतेय. "गेट_पीअर्स" म्हणजे अमुक फाइल कोणाकडे आहे? "फाइंड_नोड" म्हणजे अमुक ओळखीच्या जवळपास कोण राहतं? "पिंग" म्हणजे आहात का घरी?

आता हे तुम्हाला का विचारतायत? गुरुवारपर्यंत तुमचा आत्ताचा पत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी होता आणि तो माणूस ट्रान्समिशन जोरात चालवत असणार. जगभरच्या हजारो मशिनच्या वहीत "हा पत्ता, पोर्ट ५१४१३" अशी नोंद आहे. तोही वीज गेल्यावर दुसऱ्या पत्त्यावर गेला, आणि त्याची टपाल आता तुमच्याकडे येतेय. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात आधीच्या बिऱ्हाडाची लग्नपत्रिका आणि एलआयसीच्या नोटिसा आम्ही खोली घेतल्यावरही बरीच वर्षं येत होत्या. तसंच. टीसीपीचे सिन पण त्यातलेच, फाइल मागणारे थेट दार वाजवतात.

खात्रीसाठी उलट बाजूही तपासा. फायरवॉलच्या स्टेट्सच्या (चालू जोडण्यांच्या) पानावर ५१४१३ शोधा. आतल्या एखाद्या मशिनवरून हा पोर्ट वापरून काही बाहेर जातंय का? नसेल तर चिरंजीव निर्दोष.

सातवा_मजला · शनिवार, दुपारी २:४१

काही नाही. शून्य. चिरंजीवांना आज संध्याकाळी मस्तानी.

खडकवासला_फुल्ल · शनिवार, दुपारी ३:०५

ठीक आहे, मान्य. पण मग बाकीचे साडेचार हजार ठोके कोणाचे? तेही टपालच का? चार महिने कोणीतरी रोज ह्यांच्या घरावर नजर ठेवून आहे, आणि सगळे निवांत!

जुना_मोडेम · शनिवार, दुपारी ४:३०

नजर ह्यांच्या घरावर नाही, सगळ्यांच्या घरावर आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. ऐकायला प्रचंड. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं साधन आणलं, त्याने एका साध्या सर्व्हरवरून, एक गिगाबिटच्या लाइनवर, अख्ख्या इंटरनेटचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासून होतो. म्हणजे तुमचं चहा-पोहे आटपेपर्यंत. त्यामुळे कोणाला निवडून मारायची गरजच उरली नाही. शोडान (नेटला जोडलेल्या वस्तूंचं सर्च इंजिन) २००९ पासून हेच करतंय. शॅडोसर्व्हरसारख्या ना-नफा संस्था रोज सगळीकडे ठोकून बघतात आणि उघडं सापडलेलं संबंधित नेटवर्कवाल्यांना कळवतात. पत्त्याचं उलट नाव काढलंत तर असे बरेचजण आपली पाटी लावून फिरताना दिसतील.

पाटी न लावणारेही आहेतच. २३ वर येणारे बघा. २०१६ साली मिराई नावाचं प्रकरण झालं. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर असल्या वस्तूंवर कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड लावून बघायचं, लागला की ती वस्तू आपल्या टोळीत, आणि ती लगेच पुढचे पत्ते ठोकायला मोकळी. त्याचा सोर्स कोड जाहीर झाला आणि पिल्लं अजून फिरतायत. गंमत म्हणजे मूळ मिराईच्या सिन पॅकेटमध्ये सिक्वेन्स नंबरच्या जागी ज्याला ठोकायचं त्याचाच आयपी पत्ता भरलेला असतो. कॅप्चरमध्ये हे जुळलं तर समजायचं, समोर कुणीतरी बिचारा कॅमेरा आहे, माणूस नाही. ४४५ वाले २०१७ च्या वॉनाक्राय ह्या खंडणीखोर व्हायरसच्या खानदानातले, आणि ५०६० वाले फुकट फोन करायला इंटरनेट टेलिफोन शोधणारे.

अजून एक सांगतो, कारण नवीन लोक इथेच फसतात. ब्लॉकच्या यादीत पोर्ट ४४३ *कडून* आलेली पॅकेटं असतील आणि फ्लॅग फिन-ॲक किंवा रिसेट (दोन्ही जोडणी संपवायचे) असेल, तर तो हल्ला नव्हे. तुम्हीच उघडलेल्या साइटचा निरोप आहे तो. तुमचा फोन झोपला, फायरवॉलने ती जोडणी वहीतून खोडली, आणि समोरच्याचा "येतो मग" उशिरा पोचला. वहीत नाव नाही म्हणून वॉचमनने हाकललं. आणि नुसते सिन-ॲक (सिनला दिलेलं उत्तर) येत असतील, तुम्ही न विचारता? मग कोणीतरी तुमचा पत्ता खोटा लावून तिसऱ्यालाच बडवतंय आणि त्या तिसऱ्याची उत्तरं तुमच्याकडे येतायत. ह्याला बॅकस्कॅटर म्हणतात. म्हणून मी पहिल्यांदा फ्लॅग विचारला होता.

बाणेर_टेकडी · शनिवार, दुपारी ४:५२

+१. ह्या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा.

एक शंका: ५१४१३ ला ड्रॉपऐवजी (गुपचूप टाकून देण्याऐवजी) रिजेक्ट ठेवलं तर? म्हणजे "इथे कोणी राहत नाही" असं सांगून टाकायचं, पोस्टमनला पत्र परत केल्यासारखं.

नेटकी · शनिवार, संध्याकाळी ५:३०

त्या एका पोर्टपुरतं करून बघायला हरकत नाही. पण फार अपेक्षा नको. उत्तर न देणाऱ्याचं नाव डीएचटीवाले तसंही कालांतराने काढतातच, आणि नवीन कोणाकडून तरी जुनी यादी मिळून परत येतात. सगळ्या वॅनवर मात्र रिजेक्ट नको. खोट्या पत्त्यांवरून आलेल्याला उत्तर देणं म्हणजे भलत्याच माणसाच्या दारात कचरा टाकणं.

एवढ्या ट्रॅफिकने लाइनवर काही भार पडत नाही. ताशी अकरा हजार म्हणजे सेकंदाला तीन, आणि प्रत्येक पॅकेट शे-दीडशे बाइटचं. लॉग भरतोय हाच त्रास. ५१४१३ साठी लॉग न करणारा ब्लॉक नियम वर टाका, संपलं.

टिपटिप · शनिवार, रात्री ९:१८

सगळं वाचलं. धागा छान, पण मंडळी, दोन दिवस सगळे ब्लॉक झालेल्याची यादी वाचतायत. आत गेलेल्याची कोणी वाचली का?

धागाकर्ते, बहुतेक ठिकाणी पास झालेल्याची नोंद होतच नाही, तशी सांगितल्याशिवाय. म्हणजे तुमच्या रोजनिशीत फक्त हाकललेले पाहुणे आहेत. पहिल्या पोस्टमध्ये दोन गोष्टी वाचून मी अडकलो: चिरंजीवांचा गेमचा डबा आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. गेमसाठी यूपीएनपीचं (घरातल्या वस्तूंना आपणहून पोर्ट उघडू देणारं) प्लगइन टाकलं होतंत का? असेल तर त्याचं स्टेटस पान उघडा आणि इथे सांगा काय दिसतंय.

सातवा_मजला · शनिवार, रात्री ९:५५

टाकलं होतं. जानेवारीत, मुलाच्या गेममध्ये "नॅट स्ट्रिक्ट" येत होतं म्हणून. विसरूनही गेलो होतो.

पानावर दोन ओळी आहेत. गेमच्या डब्याची एकही नाही. दोन्ही डीव्हीआरच्या: ३७७७७ आणि ५५४.

स्टेट्समध्ये आत्ता ह्या क्षणी ३७७७७ वर बाहेरचे दोन पत्ते जोडलेले आहेत. घरातले सगळे माझ्यासमोर जेवतायत.

टिपटिप · शनिवार, रात्री ९:५८

डीव्हीआरची नेटची वायर काढा. जेवण नंतर.

सातवा_मजला · शनिवार, रात्री १०:०१

काढली.

नेटकी · शनिवार, रात्री १०:१५

टिपटिप, सलाम. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं, मी पॅकेटात रमले.

५५४ हा थेट व्हिडिओचा पोर्ट आहे, आणि ३७७७७ अनेक डीव्हीआर मोबाइल ॲपसाठी वापरतात. डीव्हीआरने यूपीएनपीला सांगून आपलं दार आपणच उघडून घेतलं. लॉग गप्प होता, कारण नियमाप्रमाणे सगळं रीतसर चाललं होतं.

पासवर्ड कोणता होता? इथे लिहू नका, फक्त तुम्ही ठेवला होता की बसवणाऱ्याने, ते सांगा.

सातवा_मजला · शनिवार, रात्री १०:२२

बसवणाऱ्याने. लिहायला लाज वाटते, पण आमच्या जिन्यातल्या सहाही घरांत तोच आहे. शेजारचे काका आत्ताच म्हणाले, "सोपा आहे म्हणून ठेवलाय."

जुना_मोडेम · शनिवार, रात्री १०:४०

आता क्रम चुकवू नका. वायर बाहेर असतानाच डीव्हीआर बंद-चालू करा. मिराईच्या जातीचं काही असेल तर ते मेमरीत राहतं, बंद केलं की जातं. पण जुन्याच पासवर्डवर परत नेटला लावलंत तर काही मिनिटांत पुन्हा येऊ शकतं. म्हणून आधी रीस्टार्ट, मग टीव्हीला जोडून रिमोटने पासवर्ड बदल, डीव्हीआरमधलंच यूपीएनपी बंद, फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हने. इकडे फायरवॉलवरचं प्लगइन काढून टाका. त्यानंतरच वायर, तीही डीव्हीआरला बाहेर जायची बंदी घालून. वेळ दाखवायला घड्याळाचा सर्व्हर लागतो, तेवढा द्या.

त्या बंदीच्या नियमाला लॉग चालू ठेवा. डीव्हीआर २३ किंवा २३२३ वर बाहेरचे पत्ते ठोकायला बघत असेल तर तिथे लगेच दिसेल. बाहेरून येणाऱ्यापेक्षा घरातून बाहेर जाणारं ट्रॅफिक मी जास्त निरखून बघतो. लॅपटॉप तपासायचे असतील तर सर्ट-इनचं (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून बॉटनेट (मिराईसारख्या टोळ्या) काढायची साधनं फुकट देतं.

सातवा_मजला · रविवार, दुपारी १२:३०

सगळं केलं. रात्रभरात डीव्हीआरचा बाहेर जायचा प्रयत्न फक्त त्याच्या कंपनीच्या क्लाउडकडे, २३ वर काही नाही. जिन्यातल्या सहाही घरांचे पासवर्ड बदलून आलो. तीन ठिकाणी चहा, एका ठिकाणी "तुम्हाला कसा माहीत आमचा पासवर्ड?"

अडचण एकच. सासूबाई नगरला असतात, त्यांना फोनवर आमचं दार बघायची सवय आहे. कोण आलं, दूधवाला किती वाजता आला, सगळं त्यांना आमच्या आधी कळतं. काल रात्रीपासून तिकडून फोन येतायत.

नेटकी · रविवार, दुपारी १:०५

वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). ओपीएनसेन्समध्ये आहेच. त्यांच्या फोनवर ॲप, क्यूआर कोड स्कॅन, झालं. एक यूडीपी पोर्ट उघडावा लागतो, पण किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. ठोकणाऱ्याला बंद दारात आणि त्यात फरक कळत नाही. पत्ता दर गुरुवारी बदलतो म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव) लागेल.

सातवा_मजला · पुढचा शुक्रवार, सकाळी ७:४०

ताजी खबर. काल गुरुवार, वीज साडेदहा ते तीन. पत्ता बदलला. ५१४१३ ची शेवटची नोंद सकाळी १०:३१. नवीन पत्त्यावर रात्रभर आपला जुनाच रतीब. सासूबाईंचं वायरगार्ड चालू झालं. दूधवाला आज पाच मिनिटं उशिरा आला, असं त्यांनीच कळवलं.

खडकवासला_फुल्ल · शुक्रवार, सकाळी ८:१६

मंडळी, हसू नका. ह्या धाग्यामुळे मीही बुधवारी ओपीएनसेन्स बसवलं. काल तीनला लाइट आले, तेव्हापासून ताशी दहा हजार. यूडीपी. ५१४१३.

जुना_मोडेम · शुक्रवार, सकाळी ८:२०

सातवा मजला, तुमचा आधीचा पत्ता ह्यांना व्यनि करा. उघड नको.

सातवा_मजला · शुक्रवार, सकाळी ८:२४

केला.

खडकवासला_फुल्ल · शुक्रवार, सकाळी ८:२६

तोच आहे.